ओहोटीच्या वेळा कुणाला माहीत असाव्यात?

मुंबईत विज्ञान ऐकायला आणि निसर्ग पाहायला मिळत नाही, अशी तक्रार कुणाला करता येणार नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २००९ पासून ‘चाय अँड व्हाय?’ या नावाने रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात सामान्य श्रोत्यांशी बोलत आले आहेत. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आणि नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून उभे आहे. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे गोरेगावचे शिक्षण केंद्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे. खगोल मंडळाचे कार्यकर्ते हॅलेच्या धूमकेतूच्या काळापासून लोकांना आकाश दाखवत आले आहेत आणि त्यांच्यामुळे वांगणी हे लोकल गाडीचे एक लहानसे स्थानक आकाशदर्शनासाठी ओळखीचे झाले आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाने हाजी अली, गिरगाव आणि जुहू येथील खडकांवर ओहोटीच्या वेळी काय काय जगते, ते हजारो लोकांच्या नजरेस आणून दिले आहे. राणीच्या बागेत वृक्षओळखीच्या फेऱ्या निघतात, शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी पाहायला गर्दी होते आणि ऐरोलीहून खाडीत बोटी जातात.

यातल्या प्रत्येक उपक्रमामागे कुणीतरी स्वतःचा रविवार दिलेला आहे आणि त्या सर्वांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही माझे म्हणणे असे आहे की हे उपक्रम अद्याप सार्वजनिक झालेले नाहीत, आणि ते तसे व्हावेत ही जबाबदारी ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांची नसून या महानगर प्रदेशातल्या नऊ महापालिकांची आहे. ग्रंथालयाच्या बाबतीत ही गोष्ट आपण फार पूर्वी मान्य केली. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि गावातल्या चार हौशी वाचकांनी चालवलेल्या वाचनालयाला सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. विज्ञानाची व्याख्याने आणि निसर्गफेऱ्या मात्र आजही हौस म्हणूनच गणल्या जातात. ज्याला हौस आहे, सवड आहे आणि परवडते, त्याने त्या कराव्यात, अशीच आपली समजूत दिसते.

यातला परवडण्याचा भाग आधी पाहू. विज्ञान व्याख्याने बहुतेक ठिकाणी विनामूल्य असतात, पण ती जुहूला, वरळीला, कुलाब्याला होतात आणि ती ऐकायला हवीत अशी मुले मोठ्या संख्येने नालासोपारा, दिवा, कळवा, मानखुर्द आणि अंबरनाथ या भागांत राहतात. रविवारी सकाळी अकराच्या व्याख्यानासाठी बदलापूरहून निघालेल्या आईला मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहावे लागते, दोन मुलांना घेऊन दोनदा गाडी बदलावी लागते, आणि आठवड्यातल्या एकुलत्या एका सुट्टीतला निम्मा दिवस तासाभराच्या व्याख्यानापायी घालवावा लागतो. निसर्गफेरीचे गणित याहून अवघड असते. पहाटे सहाला राष्ट्रीय उद्यानाच्या दारात पोचायचे, तर आदल्या रात्री जवळ कुठेतरी मुक्काम हवा किंवा पदरी गाडी हवी. त्यावर माणशी काहीशे रुपये शुल्क असते. फेरी नेणाऱ्या तरुणाचा चरितार्थ त्यावर चालत असल्यामुळे ते गैर नाही, परंतु चार माणसांच्या कुटुंबाला ते किराणा मालाच्या खर्चातून काढावे लागते. अशा परिस्थितीत फेरीला तीच तीच माणसे पुन्हा येतात आणि त्यांनाच पुढच्या फेरीचा निरोप जातो.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो केवळ अस्मितेचा आहे असे समजू नये. जयंत नारळीकर यांनी पुण्यात १९८८ साली ‘आयुका’ उभी केली, तेव्हा जागतिक दर्जाच्या खगोलशास्त्र संस्थेत शाळकरी मुलांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान व्हावे आणि ते मुलांच्या भाषेतही व्हावे, हा विचार त्यांना संशोधनाच्या आड येणारा वाटला नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून ते कार्ड परत पाठवत. मराठीत प्रश्न विचारता येतो आणि त्याला मराठीत उत्तर मिळते, हा अनुभव ज्या मुलाला आला, त्याला विज्ञान हे दुसऱ्या कुणाचे तरी आहे असे पुन्हा वाटले नसेल. मुंबईतल्या अनेक संशोधकांना उत्तम मराठी येते. तरीही सभागृहात एक जरी अमराठी श्रोता दिसला की ते इंग्रजीकडे वळतात, आणि मागच्या रांगेत बसलेला विद्यार्थी मनात जुळवलेला प्रश्न मनातच ठेवून घरी जातो.

निसर्गफेरीत तर भाषेचे नुकसान दुहेरी असते, कारण जे दाखवायचे त्याला इथे आधीपासूनच नाव असते. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा म्हणजे निवटी. खाऱ्या पाण्यात मुळांच्या काड्या वर काढून उभे असलेले झाड म्हणजे तिवर, आणि २०२० मध्ये राज्याने आपला कांदळवृक्ष म्हणून जिची निवड केली ती पांढरी चिप्पी. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्याची कित्येक वर्षे पारधी, गोंड आणि इतर वनवासी लोकांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा करण्यात घालवली, कारण नावासोबत त्या जीवाच्या सवयींचे ज्ञानही येते, हे त्यांना ठाऊक होते. शास्त्रीय नाव आवश्यकच आहे, परंतु ते एकटे सांगितले म्हणजे मुलाला असे वाटते की हा प्राणी आज प्रथमच कुणीतरी शोधला.

याचा धडा मला एका किनारफेरीत मिळाला. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या इमारतीतल्या काही कुटुंबांनी मिळून वांद्र्याच्या खडकाळ किनाऱ्यावर जायचे ठरवले होते. पौर्णिमेनंतरचा दिवस होता आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी खूप मागे गेले होते. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले उमललेली होती, शंखात घर केलेले खेकडे इकडून तिकडे पळत होते, आणि एका कपारीखाली मुलांना ऑक्टोपसची सोंड दिसली तेव्हा झालेला आरडाओरडा मला अजून आठवतो. सोबत आलेला तरुण अभ्यासक फार चांगला जाणकार होता. तो प्रत्येक प्राण्याचे नाव सांगत होता आणि मुले ते वहीत टिपून घेत होती. आमच्यापासून वीस पावलांवर एक वयस्क कोळीण खडकाला घट्ट चिकटलेली कालवे फोडून डब्यात भरत होती. तासभर आमच्यापैकी कुणीही तिच्याशी एक शब्द बोलले नाही, मीही नाही. शेवटी तिनेच विचारले, की तुमचे काही हरवले आहे का.

प्राणी बघतोय मावशी, असे म्हटल्यावर ती मोकळी हसली आणि मग अर्धा तास तिने जे सांगितले, ते त्या फेरीतले सर्वांत मोलाचे होते. कोणत्या खडकावर कालवे पूर्वी अधिक मिळत आणि आता तिथे गाळ का बसतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरते उतरत नाही म्हणून ती त्या दिवसांत का येत नाही, हे तिने सांगितले. ओहोटीची वेळ कशी कळते, असे एका मुलीने विचारले तेव्हा ती म्हणाली, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, तेव्हा त्या दिवशी सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, म्हणून मोठी ओहोटी संध्याकाळी किंवा पहाटे. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, हे त्यामागचे खगोलशास्त्र आहे. दर तिथीला पाऊण तास हे त्या पन्नास मिनिटांचे तोंडी करता येण्याजोगे रूप आहे. आमच्यासोबतच्या अभ्यासकाने लगेच वाळूत पृथ्वी, चंद्र आणि सूर्य काढून पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांतला फरक समजावून सांगितला. तारांगणातले व्याख्यान आणि खडकावरची फेरी या दोन गोष्टी त्या दहा मिनिटांत एक झाल्या. परंतु ते ठरवून झाले नव्हते. तिने आपणहून विचारले नसते, तर आम्ही नावांची यादी घेऊन परतलो असतो.

मुंबईला याची सवय नव्हती असे नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी साहित्य व विज्ञान यांसाठी एक सभा स्थापन केली आणि लगेच तिच्या मराठी व गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, सुरू झाल्या. दादोबा पांडुरंग यांच्यासारखी माणसे मराठी शाखेत होती, आणि तिथे जी व्याख्याने होत ती शहरातल्या लोकांना त्यांच्या भाषेत उपयुक्त ज्ञान मिळावे, याच हेतूने होत. विद्यापीठ स्थापन होण्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परिभाषा नव्हती, पुस्तके नव्हती, सभागृहे नव्हती, तरी ज्ञान लोकांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या भाषेत न्यावे लागेल, याविषयी त्या तरुणांच्या मनात संदेह नव्हता. पावणेदोनशे वर्षांनी आपल्याकडे हे सारे आहे.

हा प्रश्न मी केवळ ज्ञानाच्या आनंदाचा मानत नाही. या शहरात लोकांना विज्ञान समजले की माणसे वाचतात, याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. २००४ च्या जूनमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे दगावली आणि बिबटे पकडून दूर नेऊन सोडा, अशी सार्वत्रिक मागणी झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून मात्र असे दिसत होते, की एका ठिकाणी पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला की तिथला संघर्ष वाढतो. लोकांना स्वाभाविक वाटणारा उपाय हाच धोक्याचा होता. २०११ पासून वनविभागाने संशोधक आणि नागरिक यांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम चालवला. त्यात संशोधन जसे होते, तशाच इमारतींमधल्या बैठका, पाड्यांवरच्या भेटी आणि पत्रकारांसाठीच्या कार्यशाळा होत्या. कचरा उघड्यावर टाकला की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात उघड्यावर शौचाला बसलेले मूल त्याला लहान प्राण्यासारखे दिसते, आणि नुसता दिसलेला बिबट्या पकडण्याची गरज नसते, या साध्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या. वर्तमानपत्रांतली भाषा बदलली, पिंजऱ्याची मागणी कमी झाली, आणि उद्यानालगतच्या पाड्यांवर वाघोबाला पूजणारे वारली जे जाणत होते, ते इमारतींतल्या लोकांना नव्याने कळले. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये आरे परिसरात पुन्हा हल्ले झाले. त्यावरून हे सगळे व्यर्थ होते असा निष्कर्ष काही जण काढतात. मला त्यातून उलट दिसते. जंगलाच्या कडेला दरवर्षी नवी वस्ती येते, नवी माणसे येतात, आणि एकदा दिलेली माहिती त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. लसीकरणासारखे हे काम दर पिढीला आणि दर वस्तीला करावे लागते, आणि असे काम कुणाच्या हौशीवर सोपवता येत नाही.

दुसरे कारण निर्णयांचे आहे. पर्यावरणीय मंजुरीसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते, तिची तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. २०२० मध्ये ही मुदत वीस दिवसांवर आणण्याचा मसुदा निघाला, तेव्हा तो मसुदाच लोकांना कळेल अशा भाषांमध्ये प्रसिद्ध करावा म्हणून न्यायालयाला आदेश द्यावा लागला. परंतु समजा, उद्या सर्व अहवाल निर्दोष मराठीत आले, तरी ज्याने तिवराचे रान कधी आतून पाहिले नाही, भरतीचे पाणी कोणत्या नाल्यातून कुठवर चढते हे ज्याला ठाऊक नाही, तो त्या अहवालातल्या विधानाची पारख कशी करणार? २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, त्याआधी आणि त्यानंतर आरेला जंगल म्हणावे की नाही यावर शहरभर वाद झाला. मेट्रोची कारशेड तिथे व्हावी असे म्हणणारे आणि होऊ नये असे म्हणणारे, अशा दोन्ही बाजूंच्या पुष्कळ लोकांना तिथल्या पाड्यांची नावेही माहीत नव्हती. पावसाळ्यात शेवळी, टाकळा आणि भारंगी या रानभाज्या कुठे उगवतात हे दाखवणाऱ्या एखाद्या वारली आजीसोबत ज्याने तिथे दोन तास घालवले असतील, त्याचे मत कोणतेही असो, ते ऐकीव राहणार नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप निसर्गाची काळजी करणाऱ्यांकडूनच येतो. लोक आणाल तितकी नासधूस वाढेल, असे ते म्हणतात, आणि काजव्यांच्या हंगामात सह्याद्रीतल्या गावांत गाड्यांच्या दिव्यांनी काय होते ते पाहिलेल्या माणसाला हे खोटे म्हणता येणार नाही. खडकावर शंभर पाय पडले, तर समुद्रफुले चिरडली जातात. पण ही गर्दी होते ती मोजक्या जागांच्या बोलबाल्यामुळे. मुंबईकराला निसर्ग म्हणून चारच ठिकाणे माहीत असतील, तर तो त्या चारच ठिकाणी जाईल. भांडुपच्या उदंचन केंद्रामागचे (पंपिंग स्टेशनमागचे) पक्षी, दहिसर नदीचा उगमाकडचा भाग, ट्रॉम्ब्याचे तिवर, वसईची मिठागरे, कल्याणजवळचा उल्हास नदीचा काठ आणि कचऱ्याच्या जुन्या डोंगरावर उभे राहिलेले माहीमचे निसर्ग उद्यान अशा पन्नास जागी वीस-वीस माणसांचे गट जाणत्यासोबत गेले, तर कोणत्याच जागेवर भार पडत नाही. आयशियस तुकारामी हा आठ पायांचा कोळी, ज्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले आहे, २०२१ मध्ये जगासमोर आला तो ठाणे-कल्याण परिसरातून. घराजवळ पाहण्यासारखे काही नाही, ही समजूत खरी नाही.

दवाखान्यात खाटा कमी असताना पालिकेने हे का करावे, असेही विचारले जाईल. यासाठी नवी इमारत बांधायची नाही. पालिकेच्या शाळा रविवारी रिकाम्या असतात. पालिकेचे स्वतःचे उद्यान खाते आहे, नाट्यगृहे आहेत, आठ भाषांतून शिकवणारे शिक्षक आहेत, आणि व्याख्यान द्यायला तयार असलेले संशोधक याच शहरात आहेत. प्रत्येक प्रभागात महिन्याला एक व्याख्यान मराठीत व्हावे, जिथे वस्ती हिंदी किंवा उर्दू बोलते तिथे त्या भाषेत व्हावे, आणि पुढच्याच रविवारी त्याच विषयाची फेरी चालत किंवा बसने जाता येईल इतक्या अंतरावर निघावी. मानखुर्दच्या शाळेत भरती-ओहोटीवर बोलणे झाले, तर आठवडाभराने तीच मुले खाडीकाठी उभी असावीत. २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणजे काय ते कुर्ल्यातल्या व्याख्यानात सांगितले, तर नंतर मिठीच्या काठाने चालत जावे आणि पाणी कुठे अडले ते पाहावे.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका दरवर्षी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा प्रसिद्ध करते आणि सगळी वर्तमानपत्रे त्या छापतात. समुद्रापासून सावध राहण्यासाठी ती यादी आवश्यक आहे. पावसाळा सरल्यावर त्याच खात्याने मोठ्या ओहोटीच्या तारखा, वेळा आणि जवळचा सुरक्षित किनारा यांची यादी प्रत्येक शाळेच्या फलकावर लावली, तर तिला वेगळा खर्च येणार नाही.

खर्च करायचाच असेल तर तो एका ठिकाणी करावा आणि त्यात हात आखडता घेऊ नये. या फेऱ्यांना विज्ञानाच्या पदवीधरासोबत कोळीवाड्यातली किंवा पाड्यावरची जाणती व्यक्ती मार्गदर्शक म्हणून हवी, आणि तिला सन्मानचिन्ह आणि शाल देऊन भागवता येणार नाही. कालवे काढणाऱ्या त्या मावशींना महिन्यातल्या मोजक्याच मोठ्या ओहोट्या मिळतात. त्यांतली एक त्यांनी आमच्या मुलांना दिली, तर त्या दिवशीचा त्यांचा डबा रिकामा राहतो. म्हणून पालिकेने ठरवायचा मोबदला त्या डबाभर कालवांच्या बाजारभावापेक्षा कमी नसावा, आणि तो फेरी संपताच तिथल्या तिथे हातात पडावा.